काळा सूट, वेनम आणि पीटर पार्कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात स्पायडर-मॅनची कॉमिक्स गोळा करणारा एखादा माणूस असला, की सिनेमा पाहून आलेला प्रत्येक जण शंका घेऊन त्याच्याकडेच येतो. आमच्याकडे तो माणूस मी. त्यातही काळ्या सूटबद्दलच्या शंका सगळ्यात जास्त, आणि त्याच त्या. दर सुट्टीत भाचरांना नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच बैजवार लिहून ठेवावं म्हणून हे पान. गोष्टीचा शेवट आधी कळू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी इथूनच परत फिरावं. यातली बरीच कॉमिक्स चाळीस वर्षांपूर्वीची आहेत, त्यामुळे मी काही झाकून ठेवलेलं नाही.

वेनम म्हणजे नेमकं कोण? माणूस, सूट की राक्षस?

दोघं मिळून एक. पहिला म्हणजे परग्रहावरून आलेला एक जिवंत, काळा, डांबरासारखा पसरणारा जीव. तो एके काळी स्पायडर-मॅनचा पोशाख होता. दुसरा म्हणजे एडी ब्रॉक नावाचा नोकरी गेलेला पत्रकार. पीटर पार्करने, म्हणजे स्पायडर-मॅनच्या मुखवट्याआडच्या पोराने, त्या जिवाला अंगावरून काढून टाकलं आणि एडीने त्याला अंगावर घेतलं. दोघांचाही राग एकाच माणसावर होता. त्या रागाच्या पायावर उभा राहिलेला भागीदारीतला धंदा म्हणजे वेनम.

सूट आला कुठून?

गोष्टीतलं उत्तर असं. स्पायडर-मॅनची कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने मे १९८४ ते एप्रिल १९८५ या काळात ‘सीक्रेट वॉर्स’ नावाची बारा अंकांची मालिका काढली. एक सर्वशक्तिमान परका जीव पृथ्वीवरचे नायक आणि खलनायक उचलून एका दूरच्या ग्रहावर नेतो आणि त्यांना आपसात झुंजवतो. मारामारीत स्पायडर-मॅनचा लाल-निळा पोशाख फाटून चिंध्या होतो. बाकीचे सांगतात, पलीकडे एक यंत्र आहे, मनात आणलं की कपडे तयार करून देतं. पीटर जातो तो चुकीच्या यंत्रासमोर उभा राहतो. त्यातून एक काळा गोळा पडतो. त्याने हात लावला मात्र, तो गोळा बोटांवरून मनगटावर, मनगटावरून खांद्यावर पसरत जातो आणि छातीवर मोठा पांढरा कोळी उमटतो. हे आठव्या अंकात, डिसेंबर १९८४ मध्ये.

गंमत म्हणजे वाचकांनी तो सूट त्याआधीच पाहिला होता. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या २५२व्या अंकात, मे १९८४ मध्ये, तो पृथ्वीवर परतला तो काळ्या पोशाखातच. हा कुठून आणला, हे कळायला वाचकांना सात महिने थांबावं लागलं. त्या अंकाचं मुखपृष्ठ मुद्दाम १९६२ सालच्या पहिल्या मुखपृष्ठाच्या धर्तीवर काढलं होतं. दोरीला लटकत, काखेत एक माणूस घेऊन निघालेला तोच स्पायडर-मॅन, फक्त रंग बदललेला.

गोष्टीबाहेरचं उत्तर आणखी मजेदार आहे. काळ्या पोशाखाची मूळ कल्पना इलिनॉय राज्यातल्या एका वाचकाची. त्याने ती मार्व्हलला लिहून पाठवली आणि तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये पत्र पाठवून ती २२० डॉलरला विकत घेतली. त्या वाचकाच्या कल्पनेत पोशाख काळा होता, पण कोळी लाल होता, आणि तो जिवंत वगैरे काही नव्हता. जीव त्यात नंतर घातला गेला. त्या २२० डॉलरवर पुढे किती सिनेमे, खेळणी आणि शाळेची दप्तरं निघाली याचा हिशेब करत बसलं की मला आपल्याकडच्या गीतकारांचे किस्से आठवतात.

‘सिम्बायोट’ला मराठीत काय म्हणायचं?

त्या काळ्या जिवाला इंग्रजीत ‘सिम्बायोट’ म्हणतात. त्याला पुस्तकी शब्द ‘सहजीवी’. दोन जीव एकमेकांच्या आधाराने जगतात आणि दोघांनाही फायदा होतो तेव्हा तो वापरतात. एकच जण फुकट खात असेल तर ‘परजीवी’. पण मला विचाराल तर आपल्या भाषेतला नेमका शब्द ‘बांडगूळ’. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ येतं ते पानं स्वतःची काढतं, हिरवं असतं, अन्नही स्वतः तयार करतं. पाणी आणि क्षार मात्र झाडाच्या अंगातून ओढून घेतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, झाडच चांगलं भरलंय. १९८४ मधल्या पीटरचं अगदी हेच झालं होतं. ताकद वाढल्यासारखी, पोशाख झकास, आणि माणूस आतून वाळत चाललेला.

काळा सूट घातला की पीटर वाईट वागायला लागतो ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूळ कॉमिक्समध्ये सूट पीटरला वाईट बनवत नाही, थकवतो. सुरुवातीला तर तो वरदानच वाटतो. जाळ्याची रसायनं भरत बसायला नको, सूट स्वतःच जाळं सोडतो. कपडे बदलायला आडोसा शोधायला नको. मनात आणलं की साधा शर्ट-पँट, पुन्हा मनात आणलं की स्पायडर-मॅन. भाडं थकलेल्या, शिवणकाम स्वतः करणाऱ्या पोराला आणखी काय हवं? फक्त रोज सकाळी उठल्यावर अंग ठेचल्यासारखं दुखतं. रात्रभर झोपूनही डोळ्यांवर झापड. कारण पीटर झोपला की सूट त्याला अंगावर चढून बाहेर नेतो आणि रात्रभर शहरात फिरवतो. पीटर बेशुद्धासारखा झोपलेला, आणि त्याचे हातपाय इमारतींवरून उड्या मारताहेत. आपल्याकडे याला ‘झपाटणं’ असा सरळ शब्द आहे.

यात कुठेही तो दुष्ट होत नाही. कुणाला फसवत नाही, मारत सुटत नाही. सूटमुळे राग वाढतो, गर्व चढतो, व्यसनासारखं होतं, ही कल्पना घट्ट रुजवली ती १९९४ साली सुरू झालेल्या कार्टून मालिकेने. २००७ च्या ‘स्पायडर-मॅन ३’ सिनेमाने तीच उचलली, २०२३ च्या व्हिडिओ गेमनेही तीच वापरली. आता बहुतेकांना तीच मूळ गोष्ट वाटते.

व्यसनाची आवृत्ती पडद्यावर जास्त रंगते, हे कबूल. नट एकच आणि त्याचे दोन चेहरे दाखवता येतात. पण तिच्यात एक पळवाट आहे. पीटर जे काही वाईट करतो ते ‘सूटने केलं’. सूट उतरला की पाटी कोरी. मूळ कॉमिकमध्ये ही सोय नाही. तिथे काळा स्पायडर-मॅन पीटरच्या आत नसतोच, तो बाहेर तयार होतो आणि त्याच्या दारात येऊन उभा राहतो. मला ती आवृत्ती जास्त खरी वाटते. का, ते एडीच्या प्रश्नात सांगतो.

मग सूट अंगावरून सुटला कसा?

दोन वेळा सुटला. पहिल्यांदा ‘अमेझिंग’च्या २५८व्या अंकात, नोव्हेंबर १९८४ मध्ये. (पुढे नुसता अंकाचा आकडा आला की तो याच मालिकेचा.) थकवा असह्य झाल्यावर पीटर ‘फँटॅस्टिक फोर’ या चार नायकांच्या चमूतल्या शास्त्रज्ञाकडे, रीड रिचर्ड्सकडे, तपासायला जातो. रीड सांगतो, हा कपडा नाही, हा जिवंत आहे आणि तुझ्या शरीराशी कायमचा जोडला जाऊ पाहतोय. ध्वनिलहरींच्या माऱ्याने सूट सुटतो आणि काचेमागे कोंडला जातो.

आता प्रश्न येतो, पीटर घरी जाणार काय घालून? चेहरा तर कुणाला दाखवायचा नाही. मग त्याच चमूतला जॉनी स्टॉर्म त्याला फँटॅस्टिक फोरचा एक जुना निळा पोशाख देतो आणि डोक्यावर घालायला डोळ्यांपुरती भोकं पाडलेली कागदी पिशवी. वर पाठीवर हळूच ‘मला लाथ मारा’ असा कागद चिकटवतो. किराणा दुकानातली खाकी पिशवी डोक्यावर घेऊन न्यूयॉर्कच्या इमारतींवरून अनवाणी निघालेला स्पायडर-मॅन! इतक्या गंभीर प्रसंगाच्या शेवटी हे चित्र काढायची हिंमत त्या काळच्या मार्व्हलमध्ये होती. हल्लीच्या लेखकांनी तिथे पाऊस आणि चेलो लावला असता.

दुसरी सुटका ‘वेब ऑफ स्पायडर-मॅन’च्या पहिल्या अंकात, एप्रिल १९८५. सूट कोठडीतून निसटतो, पीटरच्या घरी येतो आणि त्याच्या कपड्यांत लाल-निळ्या पोशाखाचं रूप घेऊन पडून राहतो. पीटर घाईत तो अंगावर चढवतो आणि रंग काळा होतो. चर्चच्या मनोऱ्यात, मोठमोठ्या घंटांच्या दणदणाटात पीटर स्वतःला लोटून देतो. तो आवाज सूटला सहन होत नाही, आणि खरं तर पीटरलाही होत नाही. त्याची शुद्ध हरपते. तेव्हा त्याला सोडून आधीच वेगळा झालेला, स्वतः मरायला टेकलेला तो काळा जीव परत येतो आणि पीटरला घंटांपासून दूर, सुरक्षित जागी ओढून नेतो. मग सरपटत दिसेनासा होतो.

लुईस सायमनसन यांनी लिहिलेला हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चार-पाच मिनिटं पान उलटलं नव्हतं. राक्षस म्हणून ज्याला हाकललं त्याने जाता जाता जीव वाचवला. नंतरचा सगळा वेनम कळायचा असेल तर ही दोन-तीन पानं चुकवू नका.

एडी ब्रॉकचं पीटरने नेमकं काय वाकडं केलं?

काहीच नाही. सगळी मेख तिथेच आहे.

एडी ‘डेली ग्लोब’ या वर्तमानपत्रात होता. शहरात ‘सिन-ईटर’ नावाचा खुनी मोकाट होता. एमिल ग्रेग नावाचा एक माणूस एडीकडे आला आणि म्हणाला, तो मीच. एडीने त्याच्या मुलाखती घेतल्या, आणि शेवटी नावासकट बातमी दिली. पण ग्रेगला डोक्याचा आजार होता. तो खोटीच कबुली देत होता. खरा सिन-ईटर स्टॅन कार्टर, तो स्पायडर-मॅनने पकडला. एडीची शहरभर नाचक्की झाली. नोकरी गेली, बायको सोडून गेली, पोटासाठी सवंग साप्ताहिकांत काहीबाही खरडायची वेळ आली. मन गुंतवायला तो व्यायाम करत राहिला, म्हणून तर तो रेड्यासारखा धिप्पाड आहे. अखेर जीव द्यायच्या विचारात तो चर्चमध्ये देवाची क्षमा मागायला गेला. त्या चर्चमध्ये अंधारात कोण लपलं होतं, ते वर सांगितलंच आहे.

आता हे पीटरच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहा. ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी काय सांगितलं? टीव्हीच्या स्टुडिओत एक चोर पीटरसमोरून पळतो. पीटर त्याला सहज अडवू शकला असता. तो बाजूला होतो. त्याच चोराच्या हातून पुढे पीटरला वाढवणाऱ्या बेनकाकांचा खून होतो. पीटर चोराला दोष देऊ शकला असता, पोलिसांना देऊ शकला असता, नशिबाला तर सगळेच देतात. तो म्हणतो, चूक माझी. त्या एका कबुलीवर साठ वर्षांची गोष्ट उभी आहे.

एडीकडूनही चूकच झाली. पडताळून न पाहता बातमी छापली. पण त्याने ती आपली म्हटली नाही. स्पायडर-मॅनने खरा खुनी पकडला नसता तर मी आज मोठा पत्रकार असतो, असा त्याचा हिशेब. म्हणून मी म्हणतो, वेनम हा ‘वाईट झालेला पीटर’ नाही. शक्ती तीच, चिन्ह तेच, पोशाखही पीटरचाच, आणि बेनकाकांच्या खुनाचं खापर जर पीटरने दुसऱ्याच्या माथी फोडलं असतं तर त्याचं जे झालं असतं, ते हे.

वेनम स्वतःला ‘आम्ही’ का म्हणतो?

कारण तो दोघांचा मिळून बनलाय. इंग्रजीत हे विचित्र वाटतं म्हणून तिथे त्याचा दरारा. मराठीत थोडी पंचाईत होते. ‘आम्ही’ म्हटलं की आपल्या कानाला आधी महाराज किंवा मग पुणेरी काका ऐकू येतात. पण मराठीकडे एक गोष्ट आहे जी इंग्रजीकडे नाही: ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक. ‘आम्ही’त समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. सूट पीटरच्या अंगावर होता तेव्हा मनात ‘आपण’ म्हणत असणार. एडीच्या तोंडून पीटरला उद्देशून निघतं ते ‘आम्ही’. कधी कुणी वेनमचे संवाद नीट मराठीत आणले तर हे एवढं जरूर वापरावं.

स्पायडर-मॅनला वेनमची चाहूल का लागत नाही?

सूट पीटरच्या शरीराशी जोडलेला होता. त्यामुळे पीटरचं धोका ओळखणारं ज्ञान त्याला परका मानतच नाही. वेनम उघडपणे येण्याआधी, सप्टेंबर १९८६ च्या एका अंकात, एक हात पीटरला रेल्वे येत असताना फलाटावरून ढकलतो आणि पीटरला काहीच जाणवत नाही. तो हात कुणाचा, हे दीड वर्षाने उलगडतं.

वेनम पहिल्यांदा कधी दिसला आणि हरला कसा?

२९९व्या अंकाच्या शेवटी, एप्रिल १९८८. मेरी जेन घरी येते. पीटरशी लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. अंधारात काळ्या पोशाखातला स्पायडर-मॅन उभा असतो. तिला वाटतं नवरा. मग ते हसू दिसतं, कानापर्यंत फाटलेलं, दातांनी गच्च भरलेलं. टॉड मॅकफार्लेनने काढलेल्या त्या एका पानाने वेनमचं काम केलं. (ती लोंबती लांब जीभ मात्र तेव्हा नव्हती. ती नंतर एरिक लार्सनच्या चित्रांनी वाढवली.)

पुढचा ३००वा अंक पूर्णच त्याचा, लेखक डेव्हिड मिशेलिनी. पीटर त्याला ताकदीने हरवत नाही, कारण ताकद वेनमकडेच जास्त. पीटरच्या लक्षात येतं की वेनमचं जाळं बाटलीतून येत नाही, सूटच्याच अंगातून येतं. मग तो त्याला पळवत राहतो, जाळी सोडायला लावत राहतो. सोडून सोडून सूट इतका विरळ होतो की ऐन झेपेत जाळंच निघत नाही आणि वेनम कोसळतो. त्याच अंकात मेरी जेनच्या सांगण्यावरून पीटर पुन्हा लाल-निळ्यात येतो. तोवर तो काळ्या रंगातच फिरत होता, फक्त सूट साध्या कापडाचा होता, मैत्रीण ब्लॅक कॅटने दिलेला. म्हणजे भूत उतरलं तरी रंग आवडला म्हणून तीन वर्षं अंगावर होता!

वेनम आधी बाई असणार होता, हे खरं का?

हो. मिशेलिनीच्या मूळ योजनेत एक गरोदर बाई होती. स्पायडर-मॅनच्या एका झटापटीत तिचा नवरा टॅक्सीखाली जातो, धक्क्याने मूलही जातं, आणि सूट तिच्या रागाकडे ओढला जातो. संपादक जिम सॅलिक्रप यांना पीटरला शारीरिक तोडीस तोड असा धिप्पाड पुरुष हवा होता, म्हणून एडी आला. त्या बाईचा राग एडीपेक्षा कितीतरी रास्त ठरला असता. पण मग वाचक तिच्याच बाजूचा झाला असता.

पीटरची आणखी काळी रूपं आहेत का? वेनमपेक्षा भारी कोण?

आहेत, आणि माझ्या मते दोन त्याच्या तोडीची आहेत.

एक क्रेव्हन. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९८७ मध्ये सहा भागांत आलेल्या ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’मध्ये (लेखक जे. एम. डीमॅटेस, चित्रं माइक झेक) हा शिकारी स्पायडर-मॅनला औषधाने बेशुद्ध करून जिवंत पुरतो. मग त्याचाच काळा पोशाख घालून शहरात उतरतो आणि गुंडांना निर्दयपणे बडवत सुटतो. त्याला पीटरला मारायचं नसतं. आपण त्याच्यापेक्षा सरस स्पायडर-मॅन आहोत हे सिद्ध करायचं असतं. इकडे पीटर दोन आठवडे मातीखाली. तो वर येतो ते मेरी जेनच्या ओढीने. क्रेव्हनला फक्त ताकद दिसली होती, आणि त्या माणसाची वाट पाहणारं कुणीतरी घरी आहे हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

दुसरा डॉक्टर ऑक्टोपस. मरणाच्या दारात असलेला हा पीटरचा जुना शत्रू त्याच्याशी मनाची अदलाबदल करतो. डिसेंबर २०१२ च्या ७००व्या अंकात पीटर त्या मोडक्या देहात मरतो, पण मरण्याआधी आपल्या सगळ्या आठवणी त्याच्या मनात ओततो. बेनकाकांसकट. मग ऑक्टोपस ठरवतो, मी पीटरपेक्षा चांगला स्पायडर-मॅन होऊन दाखवीन. ‘सुपीरियर स्पायडर-मॅन’ ही ३१ अंकांची मालिका त्यातून आली. शहरभर पाळत ठेवणारे यांत्रिक कोळी, हाताखाली पगारी माणसं, गुन्हेगार शरण आला तरी गोळी. कामाची शिस्त पीटरपेक्षा शंभरपट बरी, हे मान्यच करावं लागतं. लेखक डॅन स्लॉटवर तेव्हा वाचक खवळले होते. आज तेच वाचक ती मालिका दुसऱ्यांना वाचायला सांगतात.

कार्नेज?

वेनमच्या सूटचं पिल्लू, क्लेटस कॅसिडी या खुन्याच्या अंगावर. एप्रिल १९९२. रंग लाल, डोकं फिरलेलं. पीटरशी त्याचं आरशातलं नातं काही नाही, त्यामुळे मला त्यात फारसा रस नाही. भाच्याला मात्र तोच सगळ्यात आवडतो.

२००७ चा सिनेमा खरंच इतका वाईट आहे का?

नाही, पण त्यात गर्दी आहे. सँडमॅन, हॅरी ऑस्बॉर्न, वेनम, सगळे एकाच तिकिटात. दिग्दर्शक सॅम रेमी यांना वेनममध्ये फारसा रस नव्हता, निर्माते अव्ही अराड यांच्या आग्रहाने तो आला, आणि ते दिसतं. केस कपाळावर ओढून रस्त्यात नाचणाऱ्या, पीटर झालेल्या टोबी मॅग्वायरची लोक अजून टिंगल करतात. मला तो प्रसंग बरोबर वाटतो. साध्या, कधीच रुबाब न केलेल्या पोराच्या डोक्यात हवा गेली तर तो असाच हास्यास्पद दिसेल. तो नाचतो तेव्हा रस्त्यावरच्या बायका तोंड वाकडं करतात, हे लोकांच्या नजरेतून सुटतं. आपल्याकडे हा सिनेमा भोजपुरीतही आला होता, हे आज सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

सिनेमात टॉम हार्डीने केलेल्या वेनमच्या छातीवर कोळी का नाही?

२०१८, २०२१ आणि २०२४ या तिन्ही सिनेमांत त्या सूटची पीटरशी कधी गाठच पडलेली नाही. कोळी ही पीटरची खूण. तीच नसल्यावर तो वेनम उरतो, पण कुणाचं काळं रूप उरत नाही. एका घरात राहणाऱ्या दोन भांडकुदळ मित्रांचा विनोदी सिनेमा म्हणून पाहा, छान करमणूक होते.

असा नायकाचंच काळं रूप असलेला खलनायक सगळ्याच नायकांना असतो का?

बहुतेकांना. सुपरमॅनला १९५८ मध्ये बिझारो मिळाला, फ्लॅशला १९६३ मध्ये रिव्हर्स-फ्लॅश. बॅटमॅनला २०१७ मध्ये तर स्वतःचाच जोकर झालेला बॅटमॅन. पण यातले बरेच जण ‘रंग उलटे केले की झालं’ या हिशेबाने आलेले. एडीसारखा चुकीच्या बातमीतून जन्मलेला दुसरा नाही.

मुंबईतल्या स्पायडर-मॅनलाही वेनम आहे म्हणे?

आहे. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ ही चार अंकांची मालिका केली. नायक पवित्र प्रभाकर, मुंबईत राहणारा, भीमकाका आणि मायाकाकू सांभाळणारे. तिथे वेनम परग्रहावरचा नाही, राक्षसी शक्ती आहे. म्हणजे माझ्या ‘झपाटण्या’ला त्यांची आधीच मान्यता मिळालेली. हाच पवित्र २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये आला, आणि तो सिनेमा आपल्याकडे मराठीसकट दहा भाषांत लागला.

त्या सिनेमाचा शेवट याच विषयातला आहे. सिनेमाचा नायक माइल्स मोरालेस, हाही एक स्पायडर-मॅनच, चुकून दुसऱ्याच विश्वात पोचतो. तिथे स्पायडर-मॅन नाही, कारण त्या विश्वातला, शक्ती देणारा कोळी माइल्सला चावला होता. तिथे त्याचे वडील गेलेले, आणि समोर जो मुखवटा उतरवतो तो माइल्सच, गुन्हेगार प्रॉवलर झालेला. माइल्सने काही केलेलं नाही, तरी त्याच्या वाट्याला आलेली शक्ती दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घास होती. एडीचं गाऱ्हाणं खोटं होतं. या पोराचं खरं आहे.

मुलांना वाचायला द्यावं का? कुठून सुरू करावं?

सूटची गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलाला बिनधास्त द्या. ‘क्रेव्हन’ मोठ्यांसाठी ठेवा, त्यात आत्महत्या आहे आणि ती पानाआड लपवलेली नाही. एडीच्या पूर्वकथेतही तो विषय आहे, तेव्हा आधी स्वतः चाळून घ्या. क्रम असा: अमेझिंगचे २५२ ते २५८, मग वेबचा पहिला अंक, मग थेट २९८ ते ३००. सुटे जुने अंक महाग पडतात. एकत्र बांधलेले पुनर्मुद्रित खंड घ्यावेत.

एडी कधी सुधारतो का?

अर्धामुर्धा. १९९३ च्या ३७५व्या अंकात एका बंद पडलेल्या जत्रेच्या मैदानात दोघांची झुंज चालू असते. तिथला मोठा पाळणा कोसळतो, खाली एडीची सोडून गेलेली बायको अ‍ॅन. एडीच्या आधी पीटर झेप घेतो आणि तिला वाचवतो. एडी पाहतच राहतो. मग दोघांत तह होतो, तू माझ्या वाटेला जाऊ नकोस, मी तुझ्या जाणार नाही. वेनम सॅन फ्रान्सिस्कोला निघून जातो आणि तिथे निरपराधांचा रक्षक म्हणवून घेतो.

माझी भाची हे वाचून म्हणाली, ‘मामा, पण त्याने आधी माणसं मारली होती ना? तरी याने जाऊ दिलं?’ हो, जाऊ दिलं. स्टुडिओत ज्याने चोराला वाट करून दिली होती, तोच हा.